हरायचंही जमलं पाहिजे

मार्क मॅडसन हा मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्ज संघातला सहा फूट नऊ इंच उंचीचा धिप्पाड गडी. बास्केटखाली उभं राहायचं, धक्के खायचे, धक्के द्यायचे आणि रिंगवर आपटून परतलेला चेंडू पकडायचा, एवढंच त्याचं काम, आणि ते तो इमानेइतबारे करायचा. लांबून नेम धरण्याची त्याच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती आणि त्यालाही तशी हौस नव्हती. पण १९ एप्रिल २००६ रोजी, हंगामातल्या अखेरच्या सामन्यात, मेम्फिसविरुद्ध खेळताना या गड्यानं तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू फेकायला सुरुवात केली. एकदा नाही, दोनदा नाही, सात वेळा. सातही नेम चुकले. सामना दोनदा जादा वेळेत गेला, तरी मॅडसनला कुणी आवरलं नाही, आणि एवढा खटाटोप केल्यावर मिनेसोटा अखेर हरला.

खटाटोपामागे हिशेब होता. त्या वर्षीच्या ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटणीतली, आपली निवड मिनेसोटानं आधीच लॉस एंजेलिस क्लिपर्सला कबूल करून ठेवली होती, मात्र एका अटीवर: ती पहिल्या दहात आली तर मिनेसोटाकडेच राहणार. पहिल्या दहात यायचं तर गुणतक्त्यात पुरेसं खाली असायला हवं, म्हणजे शेवटच्या दिवशी जिंकणं परवडणारं नव्हतं. बेत पार पडला. सहावी निवड हाती आली. तिच्यावर त्यांनी ब्रँडन रॉय नावाच्या मुलाला घेतलं आणि त्याच रात्री तो पोर्टलंडला देऊन बदल्यात दुसरा घेतला. रॉय पुढच्या हंगामात लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, पोर्टलंडकडून. मॅडसनचे हुकलेले सातही नेम शेवटी पोर्टलंडच्या झोळीत पडले.

पुढे बरे दिवस यावेत म्हणून आज बेताबेतानं हरण्याच्या या उद्योगाला अमेरिकेत टँकिंग म्हणतात. एनबीए या तिथल्या बास्केटबॉल लीगमध्ये तीस संघ, प्रत्येकाचे ब्याऐंशी सामने. फेब्रुवारी सरला की तळाच्या सात-आठ संघांकडे प्रेक्षक संशयानं बघू लागतात. हे खरंच हरतायत की ठरवून? आपल्याकडे हे सामने सकाळी चहाच्या वेळेला दिसतात, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी पोहे खाताना पडत आला आहे. दिवसाच्या सुरुवातीला इतका मूलगामी प्रश्न पडणं पचनाला बरं नाही, पण त्याला इलाज नाही. वरळीत वा वाशीत बसलेल्या माणसाला युटा आणि वॉशिंग्टन यांच्यातल्या सामन्यात दुसरं बघण्यासारखं काय असणार?

या साऱ्याच्या मुळाशी एक अत्यंत सज्जन विचार आहे. दुबळ्यांना आधी वाढा, हा. दरवर्षी जून महिन्यात नव्या पोरांची वाटणी होते, त्यात तळातल्या संघांना आधी संधी मिळते. शिवाय तळाशी गेल्याची शिक्षा काही नाही. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे तीन संघ प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत ढकलले जातात, त्यामुळे तिथं सतराव्या क्रमांकासाठी माणसं रडतात. अमेरिकेत तळाच्या संघाला पुढच्या वर्षी तेच मैदान, तीच लीग आणि वर देशातला सर्वात गुणी एकोणीस वर्षांचा मुलगा मिळण्याची शक्यता. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच जण खेळतात, त्यामुळे एक असामान्य पोरगा आला की संघाचं नशीबच पालटतं. इतक्या चांगल्या हेतूनं केलेला नियम माणसांच्या हाती लागल्यावर दुसरं काय होणार? दुबळ्यांना आधी वाढायचं ठरलं की पंगतीत दुबळ्यांची गर्दी होते.

जुन्या काळी दोन्ही विभागांतल्या सर्वात तळाच्या संघांमध्ये नाणं उडवून पहिली निवड ठरायची. १९८४ साली ह्यूस्टन रॉकेट्सनं शेवटच्या सतरांपैकी चौदा सामने गमावले. त्याच सुमाराला संघातला अडतीस वर्षांचा एल्विन हेस एका सामन्यात त्रेपन्न मिनिटं खेळला. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो, त्यात जादा वेळेची पाच मिळवली की त्रेपन्न होतात. म्हणजे या काकांना प्रशिक्षकानं पाणी प्यायलाही बाहेर काढलं नाही. त्या हंगामानंतर हेस निवृत्त झाला तेव्हा त्याच्या कारकिर्दीची मिनिटं बरोबर ५०,००० भरली होती. निदान त्याचा हिशेब तरी पूर्ण झाला. ह्यूस्टननं नाणं जिंकलं आणि हकीम ओलाजुवानला घेतलं, ज्यानं त्यांना पुढं १९९४ आणि १९९५ अशी दोन विजेतेपदं मिळवून दिली.

पण त्या वर्षीचा माझा आवडता संघ ह्यूस्टन नव्हे, इंडियाना. पूर्व विभागात तळ गाठण्याची कामगिरी इंडियाना पेसर्सनं केली होती. नाण्याची दुसरी बाजू त्यांची असायला हवी होती. पण त्यांनी ती निवड काही वर्षांपूर्वीच एका खेळाडूच्या बदल्यात पोर्टलंडला देऊन टाकली होती. सबंध हंगाम, छप्पन्न पराभव, दुसऱ्याच्या नावावर! पोर्टलंडला नाण्याचा कौल मिळाला नाही म्हणून दुसरी निवड आली, त्यांनी उंच सॅम बोवीला घेतलं, आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोनं मायकेल जॉर्डनला उचललं. म्हणजे त्या साली जो ठरवून हरला असा बोभाटा झाला त्याला ओलाजुवान मिळाला, जो सर्वात मनापासून हरला त्याला काहीच मिळालं नाही, आणि ज्याला इतिहासातला सर्वात मोठा खेळाडू मिळाला तो धड सर्वात वाईटही नव्हता.

बोभाटा फार झाला तेव्हा १९८५ पासून लॉटरी आली. पहिल्या वर्षी सात पाकिटं एका गोल पिंपात फिरवली आणि आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी एक बाहेर काढलं. निघालं न्यूयॉर्क. पॅट्रिक युइंगसारखा खेळाडू देशातल्या सर्वात मोठ्या शहराला मिळावा, यात काही लोकांना दैवापेक्षा दूरदृष्टी जास्त दिसली. पाकिटाचा कोपरा दुमडलेला होता म्हणाले; पाकीट बर्फात ठेवून गार केलं होतं, हाताला कळावं म्हणून, असंही म्हणाले. पुढे वाईटांना जास्त संधी देणारी गणितं आली. मग १९९३ मध्ये निम्मे सामने जिंकलेल्या ऑर्लँडोला सहासष्टात एक अशी संधी असताना पहिली निवड लागली आणि सगळे चिडले, म्हणून वाईटांचं पारडं आणखी जड केलं. त्यामुळे वाईट व्हायची चढाओढ लागली, म्हणून २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना समान, चौदा-चौदा टक्के संधी केली. आता कुणाला एकट्याला तळ गाठण्याची गरज राहिलेली नाही, तिघांनी मिळून गाठला तरी चालतो. नियम करणाऱ्याला वर्षातून एकदा सुचतं, पळवाट शोधणाऱ्याला रोज.

या उद्योगाचा ज्ञानोबा-तुकोबांच्या काळापासून नसला तरी एक संप्रदाय आहे आणि त्याची पंढरी फिलाडेल्फिया. मे २०१३ मध्ये सॅम हिंकी तिथल्या संघाचा व्यवस्थापक झाला आणि त्यानं उघडपणे सर्व बरे खेळाडू विकून भविष्यातल्या निवडी गोळा करायला सुरुवात केली. बेताला पहिल्याच आठवड्यात अपशकुन झाला. फिलाडेल्फियानं पहिले तिन्ही सामने जिंकले, त्यातला पहिला तर गतविजेत्या मायामीविरुद्ध. माझा एक भाचा तिकडे नोकरीला आहे. त्याला फोन केला तर सुतकी आवाजात म्हणाला, "मामा, तीन जिंकलो रे." मी धीर दिला. "होईल सगळं नीट." आणि झालं. त्याच हंगामात त्यांनी लागोपाठ सव्वीस सामने गमावले. तीन हंगामांत मिळून विजय ४७, पराभव १९९. शेवटच्या हंगामात तर १० विजय आणि ७२ पराभव. या काळात भाच्याची खुशाली विचारायची एक वेगळी रीत मला शिकावी लागली. "काल पुन्हा हरलो," असं तो समाधानानं म्हणायचा आणि मी म्हणायचो, "छान झालं."

हा प्रकार तिकडच्या प्रेक्षकांनी 'प्रोसेस' या नावानं डोक्यावर घेतला. प्रोसेसवर श्रद्धा ठेवा, असा गजर स्टेडियममध्ये होऊ लागला. भाच्याच्या घरी देव्हाऱ्यात गणपती होता, पण टी-शर्टवर प्रोसेस होती. एप्रिल २०१६ मध्ये हिंकीनं राजीनामा दिला तोही तेरा पानांचा. त्यात अब्राहम लिंकन आणि वॉरन बफेट यांच्याबरोबर न्यूझीलंडमधल्या नामशेष झालेल्या मोआ पक्ष्याचीही हजेरी होती. अर्धपानी राजीनामे माणसं जिंकत असताना देतात. तेरा पानं लागली की समजावं, बाजू मांडायची आहे.

मग श्रद्धेचं फळ? मिळालं की. जोएल एम्बीड मिळाला. पहिली दोन वर्षं तो पायाच्या दुखण्यामुळे खेळलाच नाही, पण पुढं २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पहिली निवड मिळून बेन सिमन्स आला. त्याचाही पाय मोडला आणि तोही पहिलं वर्ष बसून. पुन्हा पहिली निवड मिळून मार्केल फुल्ट्झ आला आणि खांद्याच्या दुखण्यात नेमबाजीच हरवून बसला. २०१९ मध्ये टोरांटोविरुद्धच्या सातव्या सामन्यात, बरोबरी असताना, शेवटच्या क्षणी क्वाय लेनर्डनं कोपऱ्यातून फेकलेला चेंडू रिंगवर चार वेळा टप्पे घेत विचार करत राहिला आणि मग आत पडला. १९९ पराभवांची पुंजी त्या चार टप्प्यांत गेली. त्यानंतरही २०२५ पर्यंत हा संघ बाद फेरीच्या दुसऱ्या पायरीपलीकडे गेलेला नाही.

ही गोष्ट ऐकताना मला सारखा मुंबईतल्या चाळींचा पुनर्विकास आठवतो. जुनं पाडलं म्हणजे नवं उभं राहणारच, अशी सगळ्यांची खात्री. दर्शनी भागात टॉवरचं रंगीत चित्र लागतं, त्यात कारंजं असतं, कडेला कुत्रा फिरवणारी गोरी बाई असते. आणि चित्रामागे खड्डा. वर्षानुवर्षं पावसाचं पाणी साठलेला. पण एक फरक आहे, आणि तो बास्केटबॉलवाल्यांच्या बाजूनं नाही. चाळीतल्या भाडेकरूला निदान कागदावर तरी नव्या इमारतीत खोली कबूल केलेली असते. संघाच्या पुनर्विकासात ज्यांना हरायला लावतात, त्यांना नव्या इमारतीत खोली नसते. उलट ती ज्याच्यासाठी बांधायची, तो येणार त्यांच्याच जागेवर.

या प्रश्नाची मेख इथं आहे. संघ ठरवून हरतात का, असं आपण विचारतो. पण संघ म्हणजे कोण? वरच्या मजल्यावर, वातानुकूलित खोलीत बसलेला व्यवस्थापक हरायचं ठरवू शकतो, कारण त्याला हरावं लागत नाही. खाली घामाघूम पळणाऱ्या पोराला हे सांगायचं कसं? बाळा, तू आज नीट खेळू नकोस, म्हणजे पुढच्या वर्षी तुझी नोकरी घालवणारा उत्तम मुलगा आपल्याला मिळेल. कोण ऐकेल? तळाच्या संघात असतात बहुधा दहा-दहा दिवसांच्या करारावर आलेली, कुणी न निवडलेली, युरोपातून वा छोट्या लीगमधून वर आलेली पोरं. अशी पोरं जितकी जीव तोडून खेळतात तितकं कुणीच खेळत नाही, कारण त्यांना ही पुन्हा न मिळणारी संधी असते. म्हणून व्यवस्थापक त्यांना हरायला सांगत नाही. तो फक्त अशांनाच गोळा करतो की त्यांनी कितीही जीव तोडला तरी भागू नये. त्यांचे कष्ट खरे असतात. फक्त ते पुरे पडू नयेत याची तजवीज झालेली असते.

१० विजय आणि ७२ पराभवांच्या त्या फिलाडेल्फियात टी. जे. मॅकॉनेल नावाचा एक बुटका खेळाडू होता. बुटका म्हणजे बास्केटबॉलच्या हिशेबानं. आपल्याकडे बसमध्ये वरची दांडी धरायला त्याला अडचण येणार नाही. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नव्हतं. साठ जणांच्या यादीत तो नव्हता. प्रोसेसमध्ये त्याची भूमिका खड्डा खणणाऱ्याची. जून २०२५ मध्ये लीगच्या अंतिम फेरीत इंडियाना सातव्या सामन्यापर्यंत पोचला तेव्हा तो मॅकॉनेल त्या संघातून, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, प्रतिस्पर्ध्याच्या हातातले चेंडू पळवत होता. ज्यांच्यासाठी खड्डा खणला ते सिमन्स आणि फुल्ट्झ तिथं नव्हते.

आता डेट्रॉइट पिस्टन्सची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेट्रॉइटनं २०२३ च्या हंगामाआधी मॉन्टी विल्यम्स या नावाजलेल्या प्रशिक्षकाला सहा वर्षांसाठी पावणेआठ कोटी डॉलरच्या वर रक्कम कबूल करून आणलं. इतके पैसे कुणी हरायला मोजत नाही. त्यांना जिंकायचं होतं. पहिल्या तीन सामन्यांपैकी दोन जिंकलेही. मग जे हरायला लागले ते थांबेनात. प्रेक्षक मालकाला 'संघ विकून टाका' असं ओरडून सांगू लागले. २८ डिसेंबरला बॉस्टनसारख्या बलाढ्य संघाला त्यांनी जादा वेळेपर्यंत झुंजवलं आणि हरले. तो लागोपाठ अठ्ठाविसावा पराभव. एका हंगामात इतके सलग पराभव त्यापूर्वी कुणाचेच झाले नव्हते. दोन हंगाम जोडून मात्र अठ्ठावीसचा आकडा आधी एकदा गाठला गेला होता. कुणाकडून? प्रोसेसवाल्या फिलाडेल्फियाकडून.

एकानं योजना आखून अठ्ठावीस गाठले, दुसऱ्यानं पावणेआठ कोटी डॉलर ओतून, घाम गाळून, मनापासून प्रयत्न करून तेवढेच गाठले. गुणतक्त्यात दोन्ही अठ्ठावीस सारखेच दिसतात. पण फिलाडेल्फियाच्या पराभवांवर परिसंवाद झाले, श्रद्धा बसली, टी-शर्ट निघाले. डेट्रॉइटच्या पराभवांवर नुसतं हसू झालं. आणि वर कडी म्हणजे त्या हंगामाअखेर लीगमध्ये सर्वात तळाला राहूनही लॉटरीत त्यांच्या वाट्याला पाचवी निवड आली. आदल्या वर्षीही ते तळाला होते, तेव्हाही पाचवीच आली होती. ती लॉटरी व्हिक्टर वेंबान्यामा या सात फुटांवरच्या फ्रेंच मुलासाठी होती आणि तो मिळाला सॅन अँटोनियोला.

तेव्हापासून मला वाटू लागलं आहे की 'हे ठरवून हरतायत' हा संशय म्हणजे संघाचा अपमान नाही, तो सन्मान आहे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपल्याला माहीत आहे. इथं तिच्या पुढची पायरी आहे: नाचता येईना, पण अंगण मीच मुद्दाम वाकडं करून घेतलं. ठरवून हरणाऱ्याकडे बुद्धी असावी लागते, बेत असावा लागतो, उद्याची तारीख असावी लागते. आपला संघ ठरवून हरतोय असं मानलं की प्रेक्षकाला रात्री झोप लागते. तो मुळातच वाईट आहे, त्याचे मालक अडाणी आहेत, आणि पुढच्या वर्षीही असंच होणार आहे, हे मानायचं तर मग तिकिटाचे पैसे का घालवले, इथपर्यंत जावं लागतं. भाचा त्या तीन वर्षांत मला सुखी वाटायचा तो त्यामुळेच. त्याचे पराभव कुठंतरी जमा होत होते. पुढं संघ खरोखर बरा झाला आणि बाद फेरीत जाऊन हरू लागला तेव्हा मात्र तो चिडचिडा झाला. ते पराभव खरे होते.

बिनयोजनेच्या पराभवाचा उत्तम नमुना पाहायचा तर आपल्याला फार लांब जावं लागत नाही. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले. मुलीच्या शाळकरी संघाला बास्केटबॉल शिकवताना दुबळ्यांनी सगळ्या कोर्टभर दाबून खेळून बलाढ्यांना कसं हरवायचं, हे दाखवून त्यांनी आधीच नाव मिळवलं होतं. २०१३ मध्ये त्यांच्या पुढाकारानं किंग्ज विकत घेतला गेला. हा संघ २००६ नंतर बाद फेरीत पोचलेला नव्हता आणि रणदिवे आल्यावरही बरीच वर्षं पोचला नाही. सलग सोळा हंगाम कोरडे. लीगच्या इतिहासात इतका दुष्काळ कुणी पाहिला नाही. एवढं हरल्यावर निवडी तरी चांगल्या मिळाल्या असतील? मिळाल्या. २०१८ मध्ये दुसरी निवड मिळाली. त्यांनी मार्विन बॅगलीला घेतलं. तिसरा निघाला लुका डॉन्चिच.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे सामने भारतात पहिल्यांदा झाले, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात. मालकाचं जन्मगाव, मुंबईकर पाहुणचाराला सज्ज. सामने हंगामपूर्व, म्हणजे गुणतक्त्यात जमा न होणारे. हरण्यानं निवड मिळणार नव्हती, लॉटरीत टक्का वाढणार नव्हता. किंग्ज पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ असा एका गुणानं हरले, दुसरा १३०-१०६ असा हरले. टँकिंगचा ठपका या संघावर कुणीही ठेवू नये, याचा याहून सज्जड पुरावा मला ठाऊक नाही. जिथं हरण्यात कवडीचा फायदा नव्हता तिथंही ते हरले. पुढं २०२३ मध्ये ते बाद फेरीत पोचले, आणि ते घडलं तळातून मिळालेल्या कुणा अवतारामुळे नव्हे. बऱ्यापैकी निवडी, इंडियानाशी केलेली एक शहाणी अदलाबदल आणि एक चांगला प्रशिक्षक, यांच्यामुळे. सामना जिंकला की तिथं स्टेडियमवरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आभाळात सोडतात. सोळा वर्षं विजेचं बिल कमी आलेलं होतं, परवडलं असणार.

लीगला या सगळ्याची लाज वाटते, म्हणून ती दंड करते. पण दंड करण्याची तऱ्हा बघण्यासारखी आहे. २०१८ मध्ये डॅलसचे मालक मार्क क्युबन यांनी एका कार्यक्रमात सांगून टाकलं की यंदा हरणंच आपल्या फायद्याचं आहे, असं मी माझ्या खेळाडूंना सांगितलं. सहा लाख डॉलर दंड. पाच वर्षांनी याच संघानं निवड वाचवायला शेवटच्या दिवसांत बिनीच्या खेळाडूंना बसवलं, तेव्हा साडेसात लाख. म्हणजे खोटं खेळणं आणि खरं बोलणं यांच्या दरात फरक फक्त दीड लाखाचा. बरं, डॅलसला त्याची अद्दल घडली? २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपल्या डॉन्चिचला अदलाबदलीत देऊन टाकलं, शहरभर संताप झाला, आणि मे महिन्यात अवघी १.८ टक्के संधी असताना लॉटरीत पहिली निवड त्यांनाच लागली. कूपर फ्लॅग मिळाला. त्या हंगामात सर्वात तळाला युटा होता. बरा असलेला खेळाडू बसवून ठेवल्याबद्दल त्यानं एक लाख डॉलर दंडही भरला होता. युटाला पाचवी निवड आली.

तरी टँकिंग कधीच फळत नाही असं म्हणणं खोटं होईल. ओक्लाहोमा सिटी दोन वर्षं मुकाट हरली, २०२१ मध्ये अल हॉरफर्डसारख्या धडधाकट खेळाडूला उरलेला हंगाम घरी बसायला सांगितलं, आणि २०२५ मध्ये ६८ सामने जिंकून अजिंक्य झाली. त्यातला चेट होमग्रेन हा हरण्याचं फळ. पण संघाचा प्राण असलेला शे गिल्जियस-अलेक्झांडर हा मुळात अकरावी निवड होता आणि तो त्यांना अदलाबदलीत मिळाला. आणि सध्याच्या युगातला बहुधा सर्वांत थोर खेळाडू, निकोला योकिच, २०१४ मध्ये एकेचाळिसावा निवडला गेला. त्याचं नाव पुकारलं तेव्हा दूरचित्रवाणीवर टाको बेलची जाहिरात चालू होती. त्या रात्री फिलाडेल्फियासह सर्वांनी त्याला ओलांडून दुसरे घेतले. ज्याच्यासाठी कुणी एकही सामना हरलं नाही, तोच तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

म्हणून कुणी विचारलं की संघ खरोखर ठरवून हरतात का, तर मी आता बाकाकडे बघायला सांगतो. शेवटच्या पाच मिनिटांत फरक चार गुणांचा असताना संघातला सर्वोत्तम खेळाडू भारी कोट घालून, पायावर पाय टाकून हसत बसला असेल आणि पत्रकात त्याची कंबर भरलेली असेल, तर हरणारा संघ वरच्या मजल्यावर आहे. तो खेळाडू कोर्टवर धापा टाकत असेल आणि तरी चेंडू हातातून निसटत असेल, तर तो पराभव अस्सल आहे, घरचा आहे. हा दुसरा सामना मी पोहे गार झाले तरी शेवटपर्यंत बघतो. पहिला बघण्यात अर्थ नसतो, कारण त्या संघाची खरी मॅच मे महिन्यात होते. एका पारदर्शक यंत्रात चौदा पिंगपाँगचे चेंडू उडत असतात, त्यातले चार बाहेर येतात, एक हजार एक प्रकारे येऊ शकतात, आणि वर्षभर हरलेली मोठमोठी माणसं श्वास रोखून त्यांच्याकडे बघत असतात. बघण्यासारखा सामना असतो तो. चौदाही चेंडू मन लावून खेळतात, त्यांतला एकही ठरवून हरत नाही.